बिननाकाची राणी

सातवीत असताना आमच्या मिरजेच्या शाळेची सहल मुंबईला गेली होती. त्या सहलीतल्या दोनच गोष्टी मला आठवतात. एक म्हणजे परतीच्या गाडीत उरलेल्या दशम्यांना आलेला वास, आणि दुसरी राणीबागेच्या आवारात पाहिलेली एक नाक नसलेली बाई. बाई संगमरवरी होती, सिंहासनावर ऐसपैस बसली होती, अंगावर भरजरी पोशाख होता आणि चेहऱ्याच्या मध्यभागी सगळं सपाट. गुरुजी म्हणाले, "ही व्हिक्टोरिया राणी." मी मागच्या रांगेतून विचारलं, "गुरुजी, नाक?" गुरुजींनी माझा कान धरला. चौकशी एका अवयवाची आणि शिक्षा दुसऱ्याला, हा प्रकार पुढे बँकेतल्या नोकरीत मी पुष्कळ पाहिला, पण सुरुवात तिथे झाली.

गेल्या वर्षी बँकेतून निवृत्त झालो आणि ओळखीच्या एका लग्नाच्या फोटोवाल्याकडून त्याचा जुना कॅमेरा विकत घेतला. सोबत दोन लेन्स, एक ट्रायपॉड आणि सात कप्प्यांची काळी बॅग आली. सौभाग्यवतींनी आपलं मत पहिल्याच दिवशी नोंदवलं: "माणसांचे फोटो तुम्हाला काढता येत नाहीत." यात तथ्य आहे. माझ्या फोटोत आमचे समस्त नातेवाईक डोळे मिटून असतात. पुतण्याच्या मुंजीचा मी काढलेला अल्बम पाहून एका लांबच्या मावशींनी "कोण गेलं रे?" असं विचारलं होतं. म्हणून मी ठरवलं, आपण जुन्या इमारती आणि पुतळे यांचेच फोटो काढायचे. इमारत हलत नाही. पुतळा डोळे मिटत नाही. आणि छापून आलेला फोटो बघून दोघांपैकी कुणीही "मी एवढी सुटलेय का हो?" असं विचारत नाही.

हा समज मुंबईने तीन दिवसांत खोटा ठरवला. इमारती हलतात, आणि पुतळ्यांइतका प्रवास तर मी एलटीसीवरही केला नाही.

बेत असा होता: मुक्काम डोंबिवलीला मेहुण्यांकडे. सोमवारी फोर्ट, मंगळवारी उरलेला फोर्ट आणि गेटवे, आणि बुधवारी अगदी शेवटी, सावकाशीने, भायखळ्याची बिननाकाची राणी. तिचा फोटो हाच खरा उद्देश, बाकी सगळा हात साफ करण्याचा प्रकार. सौभाग्यवतींना राणीबागेतले पेंग्विन बघायचे होते, त्यामुळे बुधवारवर आमचं एकमत झालं. तेवढ्या एकाच मुद्द्यावर.

मिरजेहून रात्रीची महालक्ष्मी धरली. डोंबिवलीला जाणारी शहाणी माणसं सकाळी कल्याणला उतरतात आणि उलटी लोकल पकडतात. मी बायको, दोन बॅगा आणि मेहुण्यांसाठी घेतलेली भडंगाची पिशवी असा सगळा संसार थेट सीएसएमटीला नेला, कारण मला त्या इमारतीवर पडलेली सकाळची कोवळी उन्हं हवी होती. फोटोग्राफीच्या पुस्तकांत सकाळच्या उन्हाची फार थोरवी गायलेली असते. ते ऊन पूर्वेकडून येतं हे लिहायची त्यांना गरज वाटत नाही. आणि सीएसएमटीचं तोंड पश्चिमेला आहे हे बघायची मला गरज वाटली नव्हती.

बाहेर येऊन रस्ता ओलांडला आणि वळून पाहिलं तर सूर्य बरोबर घुमटाच्या मागे. आकाश पांढरंफटक आणि इमारत तव्यासारखी काळी. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने १८७८ पासून दहा वर्षं खपून उभी केलेली, २००४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलेली ही वास्तू माझ्या पहिल्या फोटोत एखाद्या बंद पडलेल्या सूतगिरणीसारखी दिसते.

"झालं का?" सौभाग्यवती बॅगांवर बसून म्हणाल्या.

"ऊन उलटं आहे."

"मग ते सुलटं कधी होतं?"

"दुपारी चारनंतर."

यावर त्यांनी भडंगाची पिशवी उघडली. मेहुण्यांच्या वाट्याचं निम्मं भडंग सीएसएमटीसमोर संपलं, ते स्टीव्हन्समुळे.

तेवढ्यात माझं लक्ष पाठीमागे गेलं. महापालिकेची इमारतही त्याच स्टीव्हन्सची, १८९३ सालची, आणि तिचं तोंड पूर्वेला. ती उन्हात नुसती न्हाऊन निघाली होती. एकाच माणसाने समोरासमोर दोन इमारती बांधल्या, एक सकाळच्या पाळीला लावली आणि दुसरी संध्याकाळच्या. मी ताबडतोब पाळी बदलली. महापालिकेचे एकवीस फोटो काढले, त्यांत पुढे उभ्या असलेल्या सर फिरोजशहा मेहतांचे सहा. सहांपैकी पाच फोटोंत त्यांच्या डोक्यावर कावळा आहे. सहाव्यात कावळा नाही, पण तो कॅमेऱ्याच्या अगदी समोरून उडत चाललेला असल्यामुळे फिरोजशहाही नाहीत.

दुपारी मेहुण्यांची मुलगी आम्हाला येऊन मिळाली. ती आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इमारतींबद्दल बोलताना तिचा आवाज आमच्या शाखाधिकाऱ्यांसारखा होतो. तिने कॅमेऱ्याच्या पडद्यावर माझे फोटो भराभर पाहिले.

"काका, महापालिका पडतेय."

मी दचकून मागे बघितलं.

"तिथे नाही हो, फोटोत. ही बघा, मागे रेललीय."

खरंच रेलली होती. जेवणानंतर आरामखुर्चीत मागे टेकावं तशी. मला आधी वाटलं, लेन्स विकणाऱ्याने फसवलं. पण भाचीने सांगितलं की लेन्स निर्दोष आहे, दोष मानेचा आहे. उंच इमारतीचा माथा फोटोत घ्यायला आपण कॅमेरा वर उचलतो. उचलला की इमारतीचा पाया कॅमेऱ्याच्या जवळ राहतो, माथा लांब जातो, आणि उभ्या रेषा वर वर जात एकमेकींकडे झुकायला लागतात. जमिनीला समांतर धरला तर त्या सरळ राहतात. यावर उपाय असलेली खास लेन्स मिळते, पण तिची किंमत ऐकून सौभाग्यवती मध्येच म्हणाल्या, "वाकडी दिसली तर दिसली. आपल्याला कुठे राहायला जायचंय?"

मी कॅमेरा अगदी ओळंब्यात धरून पाहिला. रेषा सरळ आल्या. पण त्या फोटोत खालचा निम्मा भाग रस्ता, मध्ये बेस्टची लाल बस, बसच्या टपावर इमारतीचे दोन मजले आणि घुमट छाटलेला. घुमट हवा असेल तर मागे सरका, असं भाचीचं म्हणणं. मागे सरकणं हा जुन्या मुंबईच्या फोटोग्राफीतला सगळ्यात कठीण भाग आहे. या इमारती बांधल्या तेव्हा समोर व्हिक्टोरिया गाड्या धावत, आता त्याच जागेत टॅक्सी, बस, दुचाकी आणि चर्चगेटकडे निघालेली माणसं असतात. आपण डोळ्याला कॅमेरा लावून एक पाऊल मागे टाकतो आणि ते पाऊल कुणाच्या तरी चपलेवर पडतं. नशिबाने समोर फोटो काढणाऱ्यांसाठी मुद्दाम केलेला सेल्फी पॉइंट आहे. तिथे मात्र इमारतीकडे पाठ केलेल्या माणसांची गर्दी असते.

चार वाजले आणि ऊन खरोखर सुलटं झालं. सोनेरी उजेड एकदम त्या दगडांवर चढला, आणि मी लांब पल्ल्याची लेन्स लावली. हे मात्र मी कुणालाही सांगेन: सीएसएमटी पूर्ण फोटोत घ्यायचा नाद सोडा आणि तुकड्यातुकड्याने बघा. फाटकाच्या एका खांबावर सिंह बसलाय आणि दुसऱ्यावर वाघ. सिंह म्हणजे इंग्लंड, वाघ म्हणजे आपण. दोघं एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. भिंतीवर दगडी चेहऱ्यांच्या चकत्या आहेत, रेल्वे कंपनीच्या मोठ्या माणसांच्या, आणि त्यांत आपले नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय. कमानींच्या कडांना प्राणी, पक्षी, वेली, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातच्या. घुमटावर एका हातात मशाल आणि एका हातात चाक घेतलेली 'प्रगती' नावाची बाई उभी आहे. मी चाळीस वर्षं अधूनमधून या स्टेशनात उतरलोय, पण त्या बाईचं तोंड कधी बघितलं नव्हतं. माझं सगळं लक्ष इंडिकेटरवर.

घड्याळाच्या खाली एक सुरेख कोनाडा दिसला. रिकामा.

"इथे कोण होतं गं?"

"व्हिक्टोरिया राणी. काढली नंतर."

मी चमकलो. "म्हणजे माझी बिननाकाची हीच की काय?"

"नाही काका, ती वेगळी. ती फोर्टातच होती, पण रस्त्यावर. तीही काढली."

म्हणजे राण्या दोन, आणि दोन्ही जागेवर नाहीत. कोनाड्यात आता कबुतरं राहतात. पुतळ्याच्या डोक्यावर बसण्यापेक्षा पुतळ्याच्या जागीच बसावं, एवढी प्रगती कबुतरांनी केलेली आहे.

पुतळ्यांच्या फोटोबद्दल इथेच थोडं सांगून टाकतो. पुतळा उभारणारे लोक त्याचा चौथरा इतका उंच करतात की खालून जाणाऱ्याला थोर पुरुषाचा चेहरा दिसू नये. खालून फोटो काढला की आधी बूट येतात, मग कोटाची बटणं, मग हनुवटी, आणि सगळ्यात वर दोन नाकपुड्या. माझ्याकडे आता मुंबईतल्या बहुतेक समाजसुधारकांच्या नाकपुड्यांचा संग्रह आहे. पुतळा ब्राँझचा असेल तर आकाशापुढे तो नुसता काळा ठोकळा दिसतो. त्याचा चेहरा उजळ करायला जावं तर मागचं आकाश धुतल्यासारखं पांढरं होतं. लांब जाऊन मोठी लेन्स लावली तर चेहरा समोरून येतो, पण मध्ये झाडाची फांदी, दिव्याचा खांब आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा फलक येतो. फलकावरचा चेहरा मात्र अगदी स्पष्ट येतो, कारण तो डोळ्यांच्या उंचीवर लावलेला असतो. नाकपुड्यांची ही अडचण ज्या एकाच पुतळ्याच्या बाबतीत येण्याची शक्यता नव्हती, तो भायखळ्याला माझी वाट बघत होता.

मंगळवारी सकाळी ओव्हल मैदान गाठलं. राजाबाई टॉवर २८० फूट उंच. त्याचा आराखडा करणारे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधी आलेच नाहीत, लंडनमध्ये बसून त्यांनी तो काढला. प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपये दिले, आईचं नाव द्यायला सांगितलं, आणि १८७८ साली टॉवर पुरा झाला. मुंबई न बघता ज्याला एवढं सुचलं त्याने मागे सरकायला पुढे ओव्हल मैदान आहे हेही जाणलं असावं. मी कॅमेरा ओळंब्यात धरून मागे सरकत राहिलो. तळमजला, पहिली गॅलरी, वर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे चोवीस पुतळे आहेत त्यांच्यापर्यंत पोचलो. आता फक्त टोक राहिलं होतं. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "अंकल, पिच! पिच!" मी मिडऑनला उभा होतो. ओव्हलवर एका वेळी किती सामने चालतात ते मोजणं अवघड आहे, त्यामुळे मी नक्की कुणाच्या मिडऑनला होतो हे कळलं नाही. दोन संघांनी मला हाकललं. टोक राहिलं.

तिथून निघालो आणि एका जुन्या दगडी इमारतीच्या आवारात शिरलो. कोणती ते सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात तिथल्या रखवालदाराची काहीच चूक नव्हती. मी ट्रायपॉडचे पाय पसरले मात्र, तो लगबगीने आला.

"ओ काका, ते तीन पायांचं नाय चालणार."

"फोटो चालेल?"

"फोटो काढा ना. मोबाइलवर काढा, कॅमेऱ्यावर काढा. ते तीन पायांचं नाय. साहेबांनी सांगितलंय."

जुन्या शहरांतून हिंडणाऱ्या कुणालाही विचारा, ट्रायपॉड दिसला की रखवालदार येतोच. हातात धरलेला कॅमेरा म्हणजे पाहुणा, तीन पायांवर ठेवलेला कॅमेरा म्हणजे सिनेमाची कंपनी. मी माझी अडचण सांगितली. मला आवारातली माणसं घालवायची होती. त्याची एक युक्ती आहे. लेन्सवर काळी काच लावायची आणि फोटो तीस सेकंद उघडा ठेवायचा. इमारत जागची हलत नाही म्हणून ती येते, चालणारी माणसं कुठेच टिकत नाहीत म्हणून ती फोटोतून पुसली जातात. पण तेवढा वेळ कॅमेरा हलता कामा नये. रखवालदाराने हे सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि स्वतःची प्लास्टिकची खुर्ची आणून दिली.

"यावर ठेवा. ही चार पायांची आहे."

नियम तीन पायांचा होता, तो पाळला गेला. मी खुर्चीवर बॅग ठेवली, बॅगेवर कॅमेरा ठेवला आणि बटण दाबलं. तीस सेकंद. समोरून पन्नासेक माणसं गेली, एक चहावाला दोनदा गेला, एक हातगाडी गेली. फोटो उघडून पाहिला तर चमत्कार: सगळी गायब. आवार १८८० सालासारखं मोकळं. फक्त मधोमध, पायऱ्यांच्या बरोबर समोर, टोपी सरळ करून, एकही केस न हलवता रखवालदार उभा. एवढ्या मोठ्या मुंबईत तीस सेकंद स्थिर उभा राहणारा एकच माणूस निघाला आणि तो माझ्या फोटोत आहे. मी त्याला फोटो दाखवला. तो म्हणाला, "इमारत जरा मागे आली."

मग काळा घोडा. सौभाग्यवतींना तिथे घोडा बघून बरं वाटलं. "चला, एक तरी जागच्या जागी आहे." मला ते खरं सांगवेना, पण भाचीने सांगितलं. खरा काळा घोडा म्हणजे व्हिक्टोरियाचा मुलगा, तेव्हाचा युवराज आणि नंतरचा सातवा एडवर्ड, त्याचा अश्वारूढ पुतळा. ससून घराण्याने तो शहराला दिला आणि १८७९ साली तो इथे बसला. मुंबईकरांनी युवराजाकडे दुर्लक्ष केलं आणि जागेला घोड्याचं नाव दिलं. १९६५ साली पुतळा उचलून भायखळ्याला नेला. त्यानंतर ५२ वर्षं लोक काळ्या घोड्याला भेटत होते, काळ्या घोड्याला वळत होते, काळ्या घोड्याचा उत्सव करत होते, आणि घोडा तिथे नव्हता. २०१७ साली नवा घोडा आला. या नव्या घोड्यावर कुणीच बसलेलं नाही.

त्या रात्री डोंबिवलीला जेवताना मेहुण्यांनी व्हॉट्सॲपवरचं ज्ञान वाढलं. "दाजी, घोड्याचे पुढचे दोन्ही पाय वर असले तर वरचा माणूस लढाईत गेला. एक पाय वर असला तर जखमांनी गेला. चारही खाली असले तर अंथरुणात गेला."

"बाबा, या सगळ्या थापा आहेत," भाची म्हणाली. "असा काही नियम नाही. मूर्तिकाराला तोल सांभाळायचा असतो, तो जमेल तसे पाय ठेवतो. आणि घोड्यावर कुणी नसेलच तर?"

मेहुणे घास हातात धरून थांबले.

"तर तो बदलीवर गेला," मी म्हणालो.

बदलीच म्हणायची ती. जेवणानंतर भाचीने कागदावर मला फोर्टातल्या पुतळ्यांची आवक-जावक मांडून दिली. बँकेत असतो तर सही करून शिक्का मारला असता. माझी बिननाकाची राणी मॅथ्यू नोबल या शिल्पकाराची, १८७२ सालची, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या पैशातून झालेली. १८९६ साली चापेकर बंधूंनी तिला डांबर फासलं आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. तीही १९६५ साली भायखळ्याला. तिचा नवरा प्रिन्स अल्बर्ट तिथल्या संग्रहालयात आधीपासूनच उभा. मुलगा एडवर्ड घोड्यासकट तिथेच. लॉर्ड कॉर्नवॉलिसही तिथेच. इंग्लंडात जे एकत्र कुटुंब कधी एका घरात धड नांदलं नाही, ते भायखळ्याला एका आवारात गुण्यागोविंदाने राहतंय.

त्यांच्या शेजारी घारापुरीचा दगडी हत्ती. पोर्तुगिजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' म्हटलं ते या हत्तीवरून. १८६४ साली त्याला इंग्लंडला न्यायला निघाले, तर उचलताना तो खाली पडून फुटला. तुकडे भायखळ्याला आणले, ते १९१४ साली जोडले. लंडनचं तिकीट काढून भायखळ्याला उतरलेला मुंबईतला तो पहिला प्रवासी असावा.

याच्या बरोबर उलट फ्लोराची गोष्ट. ही रोमन लोकांची फुलांची देवी. १८६४ सालचं हे कारंजं मुळात भायखळ्याच्या बागेसाठी होतं. ते फोर्टात बसलं आणि इथेच राहिलं. म्हणजे जिला भायखळ्याला जायचं होतं ती फोर्टात, आणि फोर्टातले सगळे भायखळ्याला. बदल्यांची यादी काढणाऱ्या प्रत्येक खात्यात हे असंच होतं. फ्लोराच्या अंगावर वर्षानुवर्षं इतके रंगाचे हात दिले होते की अलीकडे डागडुजी करताना ते खरवडल्यावर आतला मूळ दगड सापडला. तिच्या शेजारी मशाल घेतलेली शेतकरी-कामगारांची जोडी, संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांची. फाउंटन म्हणा की हुतात्मा चौक म्हणा, टॅक्सीवाला एकाच जागी सोडतो. दोघांना एका फोटोत घ्यायचा मी अर्धा तास प्रयत्न केला. जमला, पण मध्ये बस आहे. बसच्या पाटीवर काय लिहिलंय ते स्पष्ट येतं: भायखळा.

गेटवेबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण तिथे फोटो मी काढलेच नाहीत. पाचवा जॉर्ज १९११ साली आला म्हणून ही कमान. तो आला तेव्हा त्याने पुठ्ठ्याची पाहिली असं सांगतात, कारण दगडाची पुरी व्हायला १९२४ उजाडलं. शेवटची गोरी पलटण १९४८ च्या फेब्रुवारीत याच कमानीतून बोटीवर चढली. जॉर्जचा पुतळाही इथून हलला आणि २६ जानेवारी १९६१ पासून समोर शिवाजी महाराज आहेत. या एका बदलीबद्दल माझी काही तक्रार नाही.

मी बॅगेतून कॅमेरा काढेपर्यंत गळ्यात कॅमेरा आणि हातात नमुन्याच्या फोटोंचा गठ्ठा असलेला एक मुलगा समोर आला.

"अंकल, फोटो? एक मिनट में."

मी माझा कॅमेरा दाखवला. त्याचा कॅमेरा माझ्याहून जुना होता.

"आपका कॅमेरा भारी है," तो अदबीने म्हणाला. "पर आप दोनों का कौन निकालेगा?"

या प्रश्नाचं उत्तर सात कप्प्यांच्या बॅगेत नव्हतं. त्याने आम्हाला तीन पावलं डावीकडे सरकवलं, सौभाग्यवतींना हात वर करायला लावला आणि "आंटी, ताज को पकडो, थोडा नीचे, बस" म्हणत बटण दाबलं. फोटोत गेटवे संपूर्ण, एकही रेष झुकलेली नाही, आणि सौभाग्यवतींनी चिमटीत ताजमहाल हॉटेलचा घुमट कांदाभज्यासारखा धरलाय. माझे डोळे मिटलेले आहेत.

बुधवारी मी पाचलाच उठलो. दोन्ही बॅटऱ्या भरल्या, लेन्स पुसल्या, ट्रायपॉड मुद्दाम घरी ठेवला. राणीचा चेहरा कोणत्या बाजूने घ्यायचा ते मनात ठरवलं होतं. गर्दीची लोकल पकडून भायखळ्याला उतरलो. रस्त्यात सौभाग्यवतींनी पेंग्विन काय खातात ते विचारलं, मी मासे म्हणालो, त्या म्हणाल्या मग मुंबई बरी त्यांना. राणीबागेचं फाटक लांबून दिसलं तेव्हा बाहेर फुगेवाला नव्हता, शेंगदाणेवाला नव्हता, रांगही नव्हती. मी म्हणालो, "बघ, लवकर आलो त्याचा फायदा."

फाटकाला कुलूप होतं. गजांतून मोठी लेन्स घालून पाहिलं तर एक मोठं झाड दिसलं, त्याखाली रिकामा बाक आणि बाकाखाली झोपलेलं मांजर. त्याचा फोटो काढला. फार छान आलाय, डोळे मात्र मिटलेले आहेत.

सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. टॅक्सीत बसेपर्यंत बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पंचेचाळीस वर्षं थांबलात, एक दिवस आधी आला असतात तर?"

येताना टॅक्सी उड्डाणपुलावरून गेली. दोन पुलांच्या मध्ये भायखळ्याचा खडा पारशी उभा आहे, त्याचा तरी फोटो घ्यावा म्हणून मी खिडकीतून कॅमेरा बाहेर काढला. फोटोत पुलाचा कठडा आला आहे.

तुम्ही कधी राणीला भेटायला जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. राणीबाग आणि तिच्या शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय, दोन्ही बुधवारी बंद असतात.